तांबड्या पट्ट्याची चौकशी

सकाळी ६.१५

ड्रायव्हर वेळेवर, मी वेळेवर, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलं मात्र फाटकासमोरच्या टपरीवर चहाच्या दुसऱ्या फेरीत. हाका मारण्यात अर्थ नसतो. इंजिन सुरू करायला सांगितलं की सगळी धावत येतात. चढताना एकेकाची पिशवी चाचपून घेते. हातोडी, भिंग, कंपास, वही, पाणी, टोपी. ॲसिडची बाटली माझ्याजवळ. बसाल्टवर ॲसिड टाकून सहसा काही होत नाही, पण भेगेतल्या पांढऱ्या खड्याचं भांडण दोन थेंबांत मिटतं: फसफसलं तर कॅल्साइट, नाही तर दुसरं काहीतरी शोधा.

फेब्रुवारीअखेर म्हणजे फील्डचे शेवटचे बरे दिवस. पुढे दहानंतर घाटात दगडाला हात लावून उभं राहवत नाही. ह्या अर्ध्या दिवसासाठी परवानगीचा अर्ज, संमतीपत्रं, विम्याची यादी आणि बसची तीन दरपत्रकं असा कागदांचा गठ्ठा महिनाभर फिरला. शिवाय एक गोष्ट कुठल्याच अर्जात नसते. वर्गात निम्म्याहून जास्त मुली आहेत, म्हणून वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघायचं आणि मग थांबे ठरवायचे. माझ्या शिकण्याच्या काळात हा विचार कुणी केला नव्हता. आम्ही पाणीच कमी प्यायचो.

सकाळी ७.१०

हडपसर ओलांडून, वडकी मागे टाकून दिवे घाटात बसमधून उतरतो. खाली मस्तानी तलाव. आषाढी वारीत माउलींची पालखी हा घाट चढते तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते, एरवी ट्रकांमुळे नसते. मुलांना रस्त्याच्या एका कडेला ओळीने उभं करते आणि पहिली दहा मिनिटं बोलायची आणि हातोडी काढायची बंदी घालते. फक्त वहीत समोरचा कडा काढायचा. हातोडी आधी हातात दिली की मुलं दगड फोडतात, बघत नाहीत.

दहा मिनिटांनी विचारलं, काय दिसलं?

"मॅडम, सगळा काळा दगड आहे."

दरवर्षी कुणीतरी हे म्हणतंच, आणि मी त्याची वाट बघत असते. ह्या मुलांचा दोष नाही. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन ह्याच दगडाची. घरचा पाटा-वरवंटा हाच, देवळाची पायरी हीच, गडाची तटबंदीही हीच. ज्याच्यावर जन्म गेला त्याच्याकडे कोण निरखून बघतं? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आज उरलेलं त्याचं क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतं. हे मुलांना पाठ असतं, परीक्षेत लिहिताही येतं. घाटात उभं राहून मात्र त्यांना एकच काळी भिंत दिसते.

मग एकेकाला कड्याशी नेते. खालचा भाग घट्ट, उभ्या सांध्यांचा. जरा वर गेलं की दगडात बारीक भोकं: लाव्हा थिजताना वर निघालेले वायूचे बुडबुडे. काही भोकं रिकामी, काहींत पांढरे, किंचित गुलाबी स्फटिक बसलेले. हे झिओलाइट. वाघोलीच्या खाणीतून निघालेला कॅव्हन्साइट नावाचा गडद निळा स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलाय, पण पुण्यात जन्मलेल्या मुलांना तो ठाऊक नसतो. भोकाभोकांचा दगड आला म्हणजे त्या प्रवाहाचा माथा आला. आणि त्या माथ्यावर तांबडा पट्टा.

आजच्या सहलीचं कारण हा पट्टा. आम्ही त्याला रेड बोल म्हणतो, गावात गेरू म्हणतात. इथे तो कुठे हातभर, कुठे वीतभर. नखाने खरवडला तर निघतो, बोटांना लाल लागतं. वरच्या बाजूची दोन-चार बोटं मात्र कडक, विटकरी. हातोडीची मागची बाजू हलकी आपटली तर खालच्या मातीपेक्षा वेगळा, खणखणीत आवाज येतो. एका मुलीने तो आवाज दोनदा ऐकला, मग खालच्या भागावर आपटून पाहिलं, मग पुन्हा वर. कुणी न सांगता. तिच्या नावापुढे मी मनात एक खूण केली.

"वरचा भाग भाजलाय का, मॅडम?"

भाजलाय. एक लाव्हा वाहिला, थिजला, थांबला. त्याच्यावर ऊन-पाऊस पडला, वाऱ्याने धूळ आणली, लांबवरून राख येऊन बसली, दगडाची माती झाली. मग त्या मातीवरून पुढचा लाव्हा आला आणि तिचा माथा भाजून गेला. आता खरा प्रश्न विचारते. खालचा काळा थर दोन-तीन मजली घराएवढा, तांबडा पट्टा हातभर. जास्त काळ कशात?

सगळ्यांची बोटं काळ्या थराकडे. जाड थर म्हणजे जास्त काळ, हे इतकं सरळ वाटतं की उलटं असू शकतं हे डोक्यात शिरत नाही. काळा थर काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत येऊन बसला असेल. दगडाची माती व्हायला हजारो वर्षं लागतात. ह्या कड्यातला बहुतेक काळ त्या हातभर पट्ट्यांत आहे, आणि आपण बघतो तो काळा दगड म्हणजे मधल्या घाईगर्दीच्या घटना. मला शिकवायला मिळालेल्या गोष्टींपैकी हीच एक अशी आहे की ती पटली की मुलाचा चेहरा बदललेला दिसतो. आज दोघांचा बदलला. बाकीच्यांनी लिहून घेतलं.

सकाळी ९.००

ऊन तापू लागलं. रुंदीकरणासाठी डोंगर कापलाय तिथे ताजा, न सडलेला दगड उघडा पडलाय. घाट कापला की इतर लोक हळहळतात, आम्हालाही वाईट वाटतं, पण पाय आधी तिकडेच वळतात. नमुने इथलेच घेतले. प्रत्येक तुकड्यावर मार्करने क्रमांक, वहीत जागा, जीपीएसचे आकडे. क्रमांक नसलेला दगड विभागात येऊन पडला की तो फक्त दगड.

एक गंमतही सांगितली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ह्या थरांना गावाघाटांची नावं दिली, त्यातलं एक दिवेघाट फॉर्मेशन. दुसऱ्या गटाने लाव्ह्याच्या रासायनिक घडणीवरून वेगळी नावं लावली: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एकाच डोंगराला दोन वंशावळी. मुलं वैतागतात, कुठलं खरं विचारतात. दोन्ही लक्षात ठेवा म्हटलं, नोकरी कुठे लागते त्यावर बघू.

एक ट्रकवाला खिडकीतून ओरडून गेला, "सोनं घावलं का?" दर फील्डला हे एकदा होतंच.

सकाळी १०.१५

परतीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर एकजण येऊन बसला. वडील विचारतायत, ह्यात नोकरी कुठे? हा प्रश्न मुलं विभागात विचारत नाहीत, बसमध्ये विचारतात. सांगितलं: यूपीएससीची भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा आहे, राज्याची भूजल यंत्रणा आहे, तिथली भरती कधी निघेल त्याचा भरवसा नाही, बोगदे आणि मेट्रो जिथे खणतात तिथे माणसं लागतात. तेवढ्यात हडपसरला बस अडकली आणि त्याला झोप लागली.

दुपारी १२.००

विभागात शिपाईमामांनी नमुन्यांच्या गोण्या उतरवून घेतल्या आणि विचारलं, "एवढे दगड आणून ठेवायचे कुठे, मॅडम?" रास्त प्रश्न आहे. मांडणीवरच्या जुन्या नमुन्यांना हात लावायची माझी हिंमत होत नाही आणि नवीन मांडणीचा प्रस्ताव वर गेलाय.

मग मेल. प्रकल्पाचं विनियोग प्रमाणपत्र, नॅकचा तक्ता, आणि तोच तक्ता दुसऱ्या नमुन्यात. ह्याविषयी जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

इतक्यात एका वार्ताहराचा फोन. रात्री कुठेसा सौम्य धक्का बसलाय, मोठा भूकंप कधी होणार ते एका वाक्यात हवंय. एका वाक्यात हे की, सांगता येत नाही. त्याला ते पुरत नाही. मग मी नेहमीचं सांगते. दख्खनचं पठार भक्कम, इथे काही होत नाही, असं १९६७ च्या डिसेंबरपर्यंत शहाणी माणसंसुद्धा म्हणायची. कोयनेने ते खोटं ठरवलं. धरण भरल्यावर सुरू झालेले धक्के तिथे आजही थांबलेले नाहीत, म्हणूनच गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधन घेऊन दगड अभ्यासले गेले. तिथे सव्वा किलोमीटर बसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट लागला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालं. तिथे खोदलं तेव्हा बसाल्ट जेमतेम ३३८ मीटर. म्हणजे आपण ज्याला पठार म्हणतो ते एक पांघरूण, कुठे जाड कुठे पातळ, आणि हालचाल त्याच्या खालच्या जुन्या दगडात. तारीख विचारू नका. शाळेची इमारत कशी बांधलीय ते विचारा.

उद्याच्या अंकात 'धोका कायम, तज्ज्ञांचा इशारा' असं येईल. सवय झालीय.

दुपारी १.१५

डबा उघडला तर दारात एक गृहस्थ, रुमालात गुंडाळलेला जड तुकडा घेऊन. शेतात उल्का पडलीय. वर्षाकाठी अशा बऱ्याच उल्का आमच्याकडे येतात. मी लोहचुंबक लावलं, चिकटलं, त्यांचा चेहरा खुलला. मग फुटलेल्या बाजूची भोकं दाखवली. उल्केत अशी बुडबुड्यांची भोकं बहुधा नसतात. भट्टीतल्या मळीत असतात. गावाजवळ कधी ओतकाम होतं का? होतं, आजोबांच्या वेळी. ते थोडे हिरमुसले. खरी उल्का पडल्यावर काय होतं ते लोणारला बघा म्हटलं, जवळपास १.८ किलोमीटर रुंद खड्डा, तोही ह्याच आपल्या काळ्या दगडात. तुकडा त्यांनी परत नेला. माझा अंदाज, अजून कुणालातरी दाखवणार.

जेवताना आणखी एक फोन. पुरंदर तालुक्यातले एक शेतकरी, मागे गावातल्या शिबिरात भेटलेले.

"मॅडम, पॉइंट दाखवायला कधी येताय?"

विहीर आटत आलीय, दोन बोअर कोरडी गेलीत, दुसऱ्यात तीनशे फुटांपर्यंत नुसता धुरळा उडाला. पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून तिसरी जागा दाखवलीय. ह्यांना ती माझ्याकडून खात्रीची करून हवीय. पाणाड्यावर मी कधी हसत नाही. एक तर तो बोलावल्यावर त्याच दिवशी येतो. दुसरं, गावाच्या साऱ्या विहिरी त्याने पाहिलेल्या असतात, आणि नारळापेक्षा ते जास्त उपयोगी पडत असावं.

"दादा, पॉइंट राहू दे. आधी विहिरीत बघून सांगा. पाणी उतरलंय ना आता? भिंतीत तांबडा पट्टा दिसतो का? आणि ओल कुठून येते, पट्ट्याच्या वरून का खालून?"

"गेरू हाय की. पण त्याचं काय?"

"फोटो पाठवा. मग सांगते."

दुपारी २.३०

प्रयोगशाळा. दिवसातली ही माझी आवडती वेळ आणि मुलांची नावडती. दगडाचा तुकडा कापून काचपट्टीवर चिकटवायचा आणि काचेवर कार्बोरंडमची पूड, पाणी, त्यात तो गोल गोल घासत राहायचा. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. जायचंय ०.०३ मिलिमीटरपर्यंत. इतका पातळ झाला की काळा कुळकुळीत बसाल्टसुद्धा प्रकाश आरपार सोडतो.

०.०३ मिलिमीटर झालं हे मोजायचं कसं? मोजत नाहीत, रंगावरून ओळखतात. सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवक आडवे लावले की प्लॅजिओक्लेज करडा-पांढरा दिसायला हवा. पिवळसर दिसला तर छेद अजून जाड आहे, परत घासा. इथे घाई केली की घात होतो. शेवटच्या बारीक पुडीवर दहा फेरे जास्त झाले की कडेपासून दगड नाहीसा होतो आणि हातात रिकामी काच उरते. आज दोघांची तशी झाली. एकाने अक्षरशः कपाळाला हात लावला. सोमवारी परत.

सकाळी तो खणखणीत आवाज पुन्हा पुन्हा ऐकणारी मुलगी शेवटपर्यंत बसली. तिचा छेद चांगला उतरला. सूक्ष्मदर्शकात बघत ती मंच फिरवत होती. प्लॅजिओक्लेजच्या काड्यांमधले काळे-पांढरे पट्टे एकामागून एक विझतात, पुन्हा पेटतात. मधल्या जागेत पायरोक्सीन निळा, नारिंगी, जांभळा होतो. घाटातला तो काळा दगड हाच, हे तिने दोनदा खात्री करून विचारलं. मग म्हणाली, तांबड्या मातीचाही छेद करता येईल का? माती घासताना विरघळून जाते, आधी राळ मुरवून ती कडक करावी लागते, आणि ते यंत्र आमच्याकडे बंद पडलंय. पण करता येईल. कुठे करून आणायचा ते मी बघते म्हटलं.

संध्याकाळी ५.१५

पीएच.डी.चा विद्यार्थी प्रकरणाचा मसुदा घेऊन बसलाय. विषय पश्चिम घाटातले हेच मधले पट्टे. त्याच्या मसुद्यातलं पहिलं वाक्य डायनोसॉरचं. मी ते खोडलं. दख्खनच्या लाव्ह्यावर काहीही लिहायला घेतलं की माणसाला डायनोसॉर आठवतोच, आणि मग दगड राहून जातो.

तरी डायनोसॉर लाव्ह्याने संपले की उल्कापाताने, ह्या वादाला बगल देता येत नाही, कारण तो ह्या पट्ट्यांवरच लढला गेलाय. २०१९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे लेख आले. एका गटाने तांबड्या पट्ट्यांत अडकलेल्या राखेतले झिरकॉन काढून युरेनियम-शिशाच्या पद्धतीने वयं काढली. दुसऱ्याने खुद्द लाव्ह्यातल्या प्लॅजिओक्लेजची, आरगॉन पद्धतीने. लाव्ह्याचा बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आत येऊन गेला, ह्यावर दोघांचं जमतं. पण पहिल्यांना तो चार मोठ्या उसळ्यांत आलेला दिसतो, त्यातली एक मेक्सिकोतल्या त्या उल्कापाताच्या हजारो वर्षं आधी सुरू झालेली. दुसऱ्यांच्या हिशेबात लाव्हा बराच सलग वाहत राहिला आणि त्याचा मोठा भाग उल्कापातानंतरचा. डोंगर तोच, घाटही पुष्कळसे तेच.

विद्यार्थ्याला कुणाची बाजू घ्यायची ते माझ्याकडून हवंय. मी त्याला विचारलं, तुझ्या पट्ट्यातला झिरकॉन त्या पट्ट्याच्या वयाचा आहे हे कशावरून? राख पडली तेव्हाचा असेल, किंवा वाऱ्याने कुठूनतरी जुना आणला असेल. आणि एकाच पट्ट्यात खालच्या बोटभरात नि वरच्या बोटभरात किती काळाचं अंतर आहे, हे कुणी मोजलंय? तू मोजणार आहेस का? तो गप्प झाला, मग वहीत काहीतरी लिहिलं. बाजू घेण्यापेक्षा हे त्याला जास्त टिकेल असं मला वाटतं. शिष्यवृत्तीची मुदत संपायला आली असताना मार्गदर्शकाने असं काही काढणं त्याला आवडलं नसणार, हेही मला कळतं.

रात्री ८.४०

स्वयंपाकघरात भाजी चिरताना व्हॉट्सॲपवर फोटो आले, आणि एक व्हिडिओ. दादा स्वतः टॉर्च घेऊन विहिरीत उतरलेत. व्हिडिओ हलतोय, पण काम भागलं. वर मुरूम, मग काळा दगड, मग साधारण तीस फुटांवर तांबडा पट्टा. आणि पट्ट्याच्या अगदी वरच्या कडेने ओलीची रेघ, एका कोपऱ्यात बारीक धार. खाली पुन्हा काळा पाषाण, कोरडा.

चुलीवरची कढई उतरवून फोन लावला.

"दादा, तुमचं पाणी गेरूच्या डोक्यावर आहे. गेरू चिकट असतो, पाणी खाली सोडत नाही, म्हणून ते कडेने विहिरीत येतं. तुमची दोन्ही बोअर त्याला भोक पाडून खाली गेली. खालच्या पाषाणात भेग लागली तर नशीब, नाही लागली तर वरचं आहे तेही त्या भोकातून खाली उतरतं. केसिंग किती टाकलं होतं?"

"वीस फूट."

"म्हणजे पट्टा उघडाच राहिला. आता उभं बोअर नको. धार येते त्याच पातळीला विहिरीतून आडवी बोअर मारा, दोन-तीन बाजूंनी. खर्च कमी येईल. आणि पावसाळ्याआधी वरच्या अंगाला ओढ्यात बांध घालता आला तर बघा. पाणी मुरलं तर ह्याच पट्ट्यावर येऊन थांबेल."

पलीकडे शांतता. मागे कुणीतरी टीव्ही बंद केला.

"आडव्या बोअरला कितीसं पाणी लागंल, मॅडम?"

"इंचाचा आकडा मी देणार नाही. तुमची विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते, ती दोन महिने जास्त टिकली तरी डाळिंब वाचेल. आणि साठ मीटरच्या खाली जायला कायद्याचंही बंधन आहे."

"गावात कोण पाळतंय ते." मग जरा थांबून, "तुम्ही म्हणता ते पटतंय वो. पण उद्या सकाळी सातला गाडी येतीया. चार हजार इसार दिलाय. शेजारच्याला चारशे फुटांवर दोन इंच लागलं."

शेजाऱ्याचं बोअर कुठे, विचारलं. ओढ्याच्या पलीकडे, टेकाडाच्या बगलेला. तिथे पट्टा कुठल्या फुटाला लागला ते बोअरवाल्याला विचारा म्हटलं, त्याला ठाऊक असतं. लाल पाणी वर आलं की त्यांची माणसं बघतात. आणि काही करून गाडी दोन दिवस पुढे ढकला. शनिवारी विभागाचा रेझिस्टिव्हिटी मीटर मोकळा आहे, मी मुलांना घेऊन येते, पैसे नकोत, जेवायला घाला.

"इसार बुडंल का?"

"विचारून बघा त्याला."

"बगतो," म्हणाले, आणि फोन ठेवला. मी शनिवारसाठी कोण मोकळं आहे ते वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यात आधी हात वर केला तो सकाळच्या त्या मुलीने, आणि खाली विचारलं, विहिरीतल्या गेरूचा नमुना मिळेल का, मॅडम.